डांबरीकरणाला माल किती लागेल? टेपपासून काट्याच्या पावतीपर्यंतचा हिशोब

सोलापुरात सोसायटीच्या रस्त्याचं किंवा कारखान्याच्या आवाराचं डांबरीकरण निघालं की तीन ठेकेदारांचे तीन भाव येतात, तेही चौरस फुटाला. कमिटी सगळ्यात खालचा भाव उचलते. पुढच्या पावसाळ्यात कडेनं खडी सुटायला लागते आणि "डांबरच कमी मारलं" अशी कुरकुर सुरू होते. खरंच कमी मारलं का, हे त्या वेळी कुणालाच सांगता येत नाही, कारण मुळात किती टन माल यायला हवा होता हा आकडा कुणाकडेच नसतो.

हा आकडा काढायला इंजिनिअर लागत नाही. लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार करायचा आणि त्याला मालाच्या घनतेनं गुणायचं, एवढंच गणित आहे. घोळ होतो तो जाडीत. क्षेत्रफळ मोजताना कितीही हलगर्जी केली तरी दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. चाळीस मिलिमीटरच्या थरात दहा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर मात्र पाव हिस्सा माल कमीजास्त होतो. म्हणून या लेखातही जास्त जागा जाडीलाच दिली आहे.

काम कुठल्या पद्धतीचं आहे?

मोजायला निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा. आपल्याकडे दोन पद्धती चालतात आणि दोन्हींचा हिशोब पूर्ण वेगळा असतो.

पहिली हॉटमिक्सची. माल प्लांटवर तयार होतो, टिपरनं गरम येतो, पेव्हरनं पसरतात, रोलरनं दाबतात. यात वरचा थर बहुधा बीसीचा, म्हणजे बिटुमिनस काँक्रीटचा, आणि जड वाहतूक असेल तर त्याखाली डीबीएमचा, म्हणजे डेन्स बिटुमिनस मॅकॅडमचा. हा माल टनावर मिळतो.

दुसरी कार्पेट आणि सीलकोटची, म्हणजे डांबर लावलेल्या खडीचा पातळ थर आणि त्याच्या फटी बुजवणारा वरचा लेप. गावाकडच्या रस्त्यांवर, छोट्या कामांत अजूनही हीच चालते. यात खडी ब्रासमध्ये आणि डांबर ड्रममध्ये किंवा किलोत मोजतात. टनाचं गणित इथे उपयोगाचं नाही. त्याचा हिशोब पुढे दिला आहे. आधी हॉटमिक्स घेऊ.

थराची जाडी खडीच्या आकारावर ठरते, मर्जीवर नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांप्रमाणे १३ मि.मी. खडीचा बीसी ३० ते ४० मि.मी. जाडीत टाकतात, १९ मि.मी. खडीचा ५० मि.मी. जाडीत. डीबीएम ५० मि.मी.पासून पुढे. "वीस मि.मी. बीसी मारून देतो, स्वस्तात पडेल" असं कुणी म्हणालं तर त्याला नमस्कार करा. एवढ्या पातळ थरात खडीला बसायला जागा मिळत नाही, पेव्हरची पट्टी ती ओढत नेते, माल लगेच थंड होतो आणि रोलर कितीही फिरवला तरी दबत नाही.

सोसायटीच्या आतल्या रस्त्याला, खालचा पाया मजबूत असेल तर, ४० मि.मी. बीसी पुरतो. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या आवारात, जिथे सुताचे, चादरी-टॉवेलच्या गाठींचे भरलेले ट्रक वळतात, तिथे नुसत्या चाळीसवर भागत नाही. खाली ५० मि.मी. डीबीएम धरा. जागेवर उभ्या उभ्या स्टिअरिंग फिरवणारा ट्रक डांबराला जेवढा त्रास देतो तेवढा सरळ जाणारा देत नाही.

क्षेत्रफळ

पन्नास मीटरची टेप, खडू, वही आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस. जुन्या नकाशातली मापं उचलू नका. नकाशात रस्ता सहा मीटरचा असतो आणि प्रत्यक्षात कुणाचा ओटा, कुणाची बाग, कुणाचा जिना पुढे आलेला असतो. मापं मीटरमध्येच घ्या. फूट, गुंठा नंतर करता येतात: १ चौ.मी. म्हणजे १०.७६ चौ. फूट, १ गुंठा म्हणजे १०८९ चौ. फूट, साधारण १०१ चौ.मी.

रुंदी एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. दर दहा मीटरला खडूनं रेघ मारा, तिथली रुंदी लिहा आणि शेवटी सरासरी काढा. वाकडातिकडा प्लॉट असेल तर त्याचे चौकोन आणि त्रिकोण पाडा. गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे कोपरा गोल असतो. त्या गोलाईच्या बाहेरच्या तुकड्याचं क्षेत्रफळ त्रिज्येचा वर्ग गुणिले ०.२१५ असं निघतं.

उदाहरण म्हणून जुळे सोलापुरातल्या एखाद्या मध्यम सोसायटीचा रस्ता घेऊ. आकडे कल्पित आहेत, मांडणी नेहमीची.

मुख्य रस्ता १४० मी. लांब, सरासरी रुंदी ५.५ मी.: ७७० चौ.मी.
दोन गल्ल्या, प्रत्येकी ४५ मी. × ३.६ मी.: ३२४ चौ.मी.
शेवटी गाडी वळवायची जागा १२ मी. × ९ मी.: १०८ चौ.मी.
चार गोल कोपरे, त्रिज्या ४ मी.: प्रत्येकी ३.४ प्रमाणे जवळपास १४ चौ.मी.
वजा, मधल्या झाडाचा ३ मी. व्यासाचा कट्टा: ७ चौ.मी.

एकूण १२०९, आपण १२१० चौ.मी. धरू. म्हणजे सुमारे १३,०२० चौ. फूट.

गल्लीची लांबी मुख्य रस्त्याच्या कडेपासून मोजा, मध्यापासून नाही. मध्यापासून मोजली तर प्रत्येक गल्लीमागे जवळपास दहा चौ.मी. दोनदा मोजले जातात. ड्रेनेजची चेंबरं मात्र वजा करत बसू नका. एक झाकण पाव-अर्धा चौ.मी. जागा खातं आणि त्याच्या भोवती हातानं माल भरताना तेवढाच वाया जातो.

जाडी: इथे वेळ द्या

निविदेत ४० मि.मी. लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ रोलर फिरून झाल्यावर ४० मि.मी. सैल माल दाबल्यावर बसतो, म्हणून पेव्हरमागे टाकलेला थर ४८ ते ५० मि.मी. असायला हवा. सव्वापट धरा. "दोन इंच टाकतो" असं तोंडी ठरलं की भांडण इथूनच सुरू होतं. ठेकेदार दोन इंच सैल टाकतो, मालकाला दोन इंच दाबलेला हवा असतो. दोघंही आपल्या जागी बरोबर. करारात "रोलिंगनंतरची जाडी" हे शब्द लिहून घ्या.

आता खरी गोष्ट. रस्ता सपाट असेल तरच ४० मि.मी. म्हणजे ४० मि.मी. जुना रस्ता कधीच सपाट नसतो. आपल्याकडे खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा रस्ता तिच्यासोबत हलतो. त्यात पाण्याच्या लाइनीसाठी, ड्रेनेजसाठी, केबलसाठी खोदलेले चर नीट दाबलेले नसतात, ते खचतात. हे सगळे खोलगट भाग भरल्याशिवाय वरचा थर सारखा बसणार नाही, आणि ते भरायला लागणारा माल कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. याला प्रोफाइल करेक्शन म्हणतात.

त्याचं माप दोरीनं घेता येतं. रस्त्याच्या मध्यावर आणि दोन्ही कडांना लांबीच्या दिशेनं लाइनदोरी ताणून आधी पक्क्या उंचीच्या जागा ठरवा. मग दर दहा मीटरच्या खडूच्या रेघेवर आडवं काम सुरू करा. कडेला १०० मि.मी. उंचीचा लाकडी ठोकळा, मध्यावर तेवढाच दुसरा, त्यांवरून दोरी घट्ट ताणा. बरोबर मधल्या बिंदूवर दोरीपासून रस्त्यापर्यंत स्टीलची पट्टी उभी धरा. ११८ भरलं तर तिथे १८ मि.मी. खोलगट. ९५ भरलं तर ५ मि.मी. उंचवटा. दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन कडा, दोन मधले बिंदू आणि मध्य अशा पाच नोंदी एका रेघेवर होतात. १४० मीटरला दोन्ही टोकं धरून १५ रेघा, म्हणजे ७५ नोंदी. दोघांचं सकाळचं काम आहे, उन्हं चढायच्या आत उरकतं.

सरासरी काढताना उंचवटे खोलगट भागातून वजा करू नका, ती नोंद शून्य धरा. उंचवट्यावर तुम्ही कमी माल टाकणार नाही आहात, तिथेही ४० लागणारच. उंचवटा फार असेल तर तो खरवडून काढायचा.

समजा मुख्य रस्त्याची सरासरी १२ मि.मी. आली. ऐकायला किरकोळ वाटते. ७७० × ०.०१२ म्हणजे ९.२४ घनमीटर, वजनात जवळपास पावणेबावीस टन. हायवाची, म्हणजे मोठ्या टिपरची, सव्वा खेप झाली, फक्त खळगे भरायला.

भरताना तो माल सगळीकडे पातळ पसरायचा नसतो. जिथे खरोखर खोल आहे तिथे आदल्या दिवशी वेगळा भरून, दाबून घ्यायचा, मग त्यावर अखंड ४० मि.मी. एकाच दमात जाड-पातळ टाकलं तर रोलर उंच भागावर चढतो आणि खोलगट भागातला माल दाबलाच जात नाही. वरून गुळगुळीत दिसतं. महिन्याभरात चाकोरीत तोच खड्डा परत दिसायला लागतो.

आता ढाळ. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत दोन ते अडीच टक्के ढाळ हवा. साडेपाच मीटरच्या रस्त्यात अर्धी रुंदी २.७५ मी., तिला अडीच टक्के म्हणजे मध्य कडेपेक्षा जवळपास ६९ मि.मी. उंच. जुन्या रस्त्याला तो असेल तर प्रश्न नाही. रस्ता सपाट असेल आणि कुणी म्हणत असेल की ढाळ डांबरातच काढू, तर हिशोब करून पाहा: सरासरी ३४ मि.मी. जादा जाडी, ७७० चौ.मी.वर ६१-६२ टन जादा माल. वरच्या थराला मुख्य रस्त्यावर लागतो ७२ टन. म्हणजे खर्च जवळपास दुप्पट. ढाळ खडीत किंवा मुरुमात काढायचा असतो, डांबरात नाही. तशी वेळ आली तर काम थांबवा, आधी खालचा थर दुरुस्त करा.

दुसरीकडे, थरावर थर चढवत जाणंही बरं नाही. आपल्या जुन्या गल्ल्यांत कितीतरी घरांचे उंबरे आज रस्त्याच्या खाली गेलेत ते याच कारणानं, आणि पाऊस झाला की पाणी थेट ओसरीत. सोसायटीत पार्किंगचा किंवा गेटचा उंबरठा मोजून पाहा. ४० मि.मी. चढवल्यावर पाणी आत वळणार असेल तर आधी मिलिंग करून, म्हणजे यंत्रानं खरवडून, जुना थर काढा. मग खळगे भरण्याचा हिशोबही बराच खाली येतो.

घनता आणि टन

दाबलेल्या बीसी किंवा डीबीएमची घनता साधारण २.३ ते २.४ टन प्रति घनमीटर असते. आपल्या भागातली खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. हा दगड जड, त्यामुळे घनता वरच्या बाजूला सरकू शकते. नेमका आकडा प्लांटवाल्याकडे असतो. त्याच्या मिक्स डिझाइनच्या कागदावर मार्शल घनता, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना ठोकून दाबल्यावर भरलेली घनता, लिहिलेली असते, ती मागा. कागद नसेल तर २.३५ धरून चला. आपल्या ४८.४ घनमीटरच्या थरात २.३ आणि २.४ मध्ये जेमतेम पाच टनांचा फरक पडतो.

लक्षात ठेवायला सोपं: एक चौ.मी.वर एक मि.मी. जाडीला २.३५ किलो. चाळीसला ९४ किलो. चौरस फुटात सांगायचं तर ४० मि.मी.ला पावणेनऊ किलो, म्हणजे एक टन माल साधारण ११५ चौ. फूट झाकतो. हा शेवटचा आकडा पाठ करा, ठेकेदाराशी बोलताना फार कामाला येतो.

आपल्या सोसायटीचा हिशोब:

वरचा थर: १२१० × ०.०४० × २.३५ = ११३.७ टन
खळगे भरणे: ७७० × ०.०१२ × २.३५ = २१.७ टन
बेरीज: १३५.४ टन
वाया जाणारा ४ टक्के: ५.४ टन
एकूण: १४१ टन

वाया जाणारा माल म्हणजे टिपरच्या तळाला चिकटणारा, पेव्हरमध्ये उरणारा, कडा कापताना निघणारा. सरळ लांब रस्त्याला तीन टक्के पुरतात. कोपरे, चेंबरं, झाडांचे कट्टे जास्त असतील तर पाच धरा. कुणी दहा टक्के लावत असेल तर कशासाठी ते विचारा.

यातलं निव्वळ डांबर किती? बीसीत ते वजनाच्या पाच-साडेपाच टक्के असतं. १३ मि.मी. खडीच्या बीसीला मानकात किमान ५.४ टक्के दिलं आहे, पण ते २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या दगडासाठी. दगड जड असेल तर त्याच प्रमाणात थोडं कमी चालतं. १४१ टनांत ५.४ टक्क्यांनी ७.६ टन डांबर होतं. डीबीएमला साडेचार टक्के धरा. ठेकेदारानं डांबर खाल्लं का, याचं उत्तर हवं असेल तर टाकतानाच मालाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत एक्स्ट्रॅक्शन चाचणी करा, म्हणजे मालातलं डांबर वेगळं काढून मोजून घ्या. रस्ता किती काळा दिसतो यावरून काही ठरत नाही, टाकल्या दिवशी सगळेच रस्ते काळेभोर असतात.

डांबराचा ग्रेडही लिहून घ्या. व्हीजी म्हणजे डांबराच्या घट्टपणाचा ग्रेड, आकडा मोठा तितकं डांबर घट्ट. भारतीय मानक आयएस ७३ प्रमाणे सात दिवसांचं सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंश असेल तिथे व्हीजी-३०, त्याच्या वर व्हीजी-४०. सोलापूरचा एप्रिल-मे सगळ्यांना माहीत आहे, पण तो व्हीजी-३० च्या हद्दीत बसतो. ट्रकची सतत ये-जा असलेल्या आवाराला व्हीजी-४० घ्यावा, सोसायटीला गरज नाही.

खालचा लेप

जुन्या डांबरावर नवा थर टाकण्याआधी टॅक कोट मारतात, म्हणजे डांबराच्या इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) पातळ फवारा. जुन्या डांबरी पृष्ठभागाला चौ.मी.ला २०० ते ३०० ग्रॅम, सिमेंट काँक्रीटवर ३०० ते ३५०. पाव किलोनं १२१० चौ.मी.ला ३०२ किलो. खळगे भरलेल्या भागावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायचा असेल तर त्याचे शे-दोनशे किलो वेगळे. खडीच्या नव्या थरावर आधी प्राइम कोट, म्हणजे खडीत मुरणारा पहिला लेप, चौ.मी.ला ७०० ग्रॅम ते १ किलो.

या कामाला पैसे थोडे लागतात आणि काटछाट सगळ्यात आधी इथेच होते. झाडून धूळ काढलेली नसेल तर कितीही इमल्शन ओता, थर धुळीला चिकटतो, रस्त्याला नाही.

कार्पेट आणि सीलकोट असेल तर

२० मि.मी. कार्पेटचा हिशोब दर दहा चौ.मी.वर चालतो. खडी दोन मापांची मिळून ०.२७ घनमीटर, डांबर १४.६ किलो. वर सीलकोट: बारीक कच घालून करतात त्या प्रकारात ०.०६ घनमीटर कच आणि ६.८ किलो डांबर, खडी पसरून करतात त्यात ०.०९ घनमीटर खडी आणि ९.८ किलो.

एखाद्या गावचा एक किलोमीटर लांब, ३.७५ मी. रुंद रस्ता धरा. ३७५० चौ.मी. होतात. खडी १०१ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, तेव्हा जवळपास ३६ ब्रास. कच २२.५ घनमीटर, आठ ब्रास. डांबर कार्पेटला ५४७५ आणि सीलकोटला २५५० किलो, मिळून ८ टनांच्या वर. ड्रममध्ये साधारण १५६ किलो धरले तर ५२ ड्रम. ड्रमवर निव्वळ वजन छापलेलं असतं, त्यानं भागा. टॅक कोट यात धरलेला नाही.

रिकामे ड्रम मोजून घेण्याची गावाकडची पद्धत अगदी योग्य आहे. सरपंचानं कडेला उभे केलेले रिकामे ड्रम मोजले तरी डांबराचा हिशोब समोर येतो. खडीचा ब्रास मात्र खाणीवर वेगळा आणि साइटवर वेगळा भरतो, वाटेत हादरे बसून ट्रॉलीतली खडी खाली बसते. मोजायची कुठे हे आधी ठरवा.

नवा रस्ता मातीपासून उभा करायचा असेल तर खालच्या थरांचा हिशोब वेगळा करावा लागतो. इथे एवढंच की दाबलेल्या जाडीपेक्षा सैल खडी बरीच जास्त लागते: ७५ मि.मी. खडीकरणाला दहा चौ.मी.मागे एक घनमीटरच्या आसपास मोठी खडी, शिवाय वरची बारीक. आणि काळी माती तशीच ठेवून त्यावर कितीही डांबर ओतलं तरी पैसे मातीतच जातात.

ऑर्डर आणि खेपा

दहाचाकी हायवात सोळा-अठरा टन माल येतो. आपल्या सोसायटीला खळग्यांसाठी २२-२३ टन आणि वरच्या थरासाठी ११८ टन, म्हणजे पहिल्या दिवशी दीड खेप, नंतर सात-आठ. अडचण दीड खेपेची. तेवढ्यासाठी कुणी प्लांट पेटवत नाही. प्लांटवर मोठ्या कामाचा माल निघणार असेल त्या दिवशी आपला नंबर लावून घ्या, नाहीतर ठेकेदार खळगे आणि थर एकाच दिवशी उरकायला बघतो.

व्हीजी-३० चा माल प्लांटवरून दीडशे-एकशे साठ अंशांवर निघतो, टाकताना किमान १४० हवा आणि माल ९० च्या खाली येण्यापूर्वी रोलिंग संपायला हवं. धातूची दांडी असलेला साधा थर्मामीटर पुरतो. टिपरवर ताडपत्री नसेल तर खेप परत पाठवण्याचा हक्क करारात ठेवा. दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत काम काढा. आपल्याकडे परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोडपतो, ओल्या रस्त्यावर माल टाकू देऊ नका. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास शहरातून टिपर आणायचं असेल तर वाहतुकीचे बदल आधी विचारून घ्या. रस्त्यात अडकलेली खेप म्हणजे थंड झालेली खेप.

पहिल्या खेपेलाच पडताळा

काट्याची पावती प्रत्येक खेपेची घ्या, भरलेली आणि रिकामी दोन्ही वजनं. रिकाम्या गाडीचं वजन जुन्या नोंदीतून घेऊ नका, माल ओतल्यावर त्याच दिवशी करून आणा. काटा आपण निवडलेला असावा.

पावतीवर १६ टन आहेत असं धरू. ४० मि.मी.ला १६ टन १७० चौ.मी. झाकतात. रुंदी साडेपाच मीटर, म्हणजे ३१ मीटर लांबी. पेव्हर अर्ध्या रुंदीत चालत असेल तर ६२. काम सुरू होण्याआधी कडेच्या दगडावर ३१ मीटरला खडूची खूण करून ठेवा आणि पहिली गाडी रिकामी होईल तिथे उभे राहा.

माल खुणेच्या आसपास संपला तर सगळं ठीक. ३८ मीटरपर्यंत पुरला तर जाडी ३३ मि.मी.च पडली आहे. पेव्हर थांबवा, पट्टी वर करायला लावा. २६ मीटरला संपला तर ४८ मि.मी. पडतंय. रस्ता भक्कम होतोय म्हणून खूश होऊ नका, शेवटी वळवायच्या जागेला माल उरणार नाही आणि चौरस फुटानं ठरवलेला ठेकेदार तिथे हात आखडता घेईल. हे सांगायची वेळ पहिल्या खेपेलाच, चौथ्या खेपेनंतर कुणी ऐकत नाही. त्याच वेळी सैल थरात लोखंडी सळई खुपसून ५० मि.मी. भरतात का हेही पाहून घ्या.

भाव मागताना

टनाचा भाव मागा आणि सोबत चौरस फुटाचाही मागा. दोन्हींचं गुणोत्तर ठेकेदाराच्या मनातली जाडी सांगून टाकतं. टनाच्या भावाला चौरस फुटाच्या भावानं भागा. उत्तर ११५ च्या आसपास आलं तर तो चाळीस धरतोय. १५० आलं तर तीसच्या आसपास टाकायचा बेत आहे. चौरस फुटाच्या भावात टॅक कोट, मजुरी, रोलर धरलेले असतील आणि टनाच्या भावात नसतील तर आधी दोन्ही एका पातळीवर आणा, नाहीतर हा भागाकार फसवेल.

तेल कंपन्या डांबराचे दर पंधरवड्याला बदलतात, म्हणून कोटेशनवर तारीख आणि मुदत हवी. खळगे भरण्याचा माल वेगळ्या ओळीत, टनावर, काट्याच्या पावतीप्रमाणे लावा. वरचा थर क्षेत्रफळावर घेतला तरी चालेल, पण किमान टनांची अट घालून. चेंबरची झाकणं ४० मि.मी. वर उचलण्याचा खर्चही त्यातच लिहून घ्या. हे काम हमखास विसरतं आणि मग प्रत्येक झाकणाशी एक खड्डा राहतो.

शेवटचं बिल देण्याआधी तीन-चार ठिकाणी कोअर काढून घ्या. गोल तुकडा बाहेर येतो, त्यावर पट्टी लावली की दाबलेली जाडी मि.मी.मध्ये समोर दिसते. जागा तुम्ही निवडा, ठेकेदार नाही: एक मुख्य रस्त्याच्या मध्ये, एक कडेला, एक गल्लीच्या तोंडाशी, एक अगदी शेवटच्या वळणावर. काढलेलं भोक त्याच दिवशी मालानं भरून दाबून घ्यायची जबाबदारी करारात ठेकेदाराची ठेवा आणि तोवर दहा टक्के रक्कम हातात राखा.